सहावा बदल

"माझ्या बाबांनी चूक केली का, हे मी विचारायला आलेली नाही," ती मुलगी म्हणाली. "चूक त्यांनी कबूल केली आहे. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, तेवढं मला शोधून द्या."

वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली. असल्या कामाला डॉक्टर असतात, असं त्यांनी सांगून पाहिलं.

"डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. बाबा तिथे स्वतःच सांगणार आहेत, की मला आठवत नाही. पेशंटच असं म्हणाल्यावर डॉक्टर कशाला नाही म्हणतील?"

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वहिनींचं शोधकाम चाले. खरं तर त्या वहिनी एकट्या भाऊजींच्या. पण भाऊजी दिवसातून चाळीस वेळा हाक मारत, त्यामुळे आलेल्या माणसालाही तीच सवय लागे. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. धावण्यात अजूनही त्यांचा हात कुणी धरला नसता. विचारांच्या शर्यतीत मात्र ते सगळ्यांना आधी पुढे जाऊ देत.

मुलीने जे सांगितलं ते असं. तिचे वडील एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहितात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मालकीणबाईसुद्धा. अशक्त जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी असते, ती चालवणारा प्रोग्रॅम ही कंपनी बनवते. पाच आठवड्यांपूर्वी, सतरा तारखेला, त्याची नवी आवृत्ती एका हॉस्पिटलात गेली. तीन दिवसांनी तिथल्या नर्सने सहज बाळाच्या पाठीला हात लावला, तर पाठ तापलेली. पेटी मर्यादेबाहेर तापली की घंटा वाजायला हवी. ती वाजलीच नव्हती. नर्सने बाळ उचललं, बाळ सुखरूप राहिलं.

मग प्रोग्रॅम उघडून पाहिला. घंटा वाजवणारी ओळ कुणीतरी बंद केलेली. नोंद मास्तरांच्या नावावर, मास्तरांच्या संगणकावरून, दुपारी एक चाळीसची.

"आणि बाबा म्हणाले, हे मी केल्याचं मला आठवत नाही," मुलगी म्हणाली. "माझी आजी शेवटची चार वर्षं बाबांना ओळखत नव्हती. बाबांना जगात एवढ्या एकाच गोष्टीची भीती वाटते. त्या दिवसापासून ते गॅस बंद केला का म्हणून तीन तीनदा विचारतात. बंद केलेला असतो हो. त्यांचा स्वतःवर विश्वास उरलेला नाही."

महिनाअखेर कंपनी त्यांना निरोप देणार होती. कारण म्हणून स्मरणशक्तीचा उल्लेख असलेलं पत्र टाइपसुद्धा झालं होतं.

"चला भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी होत नाहीये ना, तेवढं बघून येऊ."

मास्तर घरी खिडकीपाशी बसले होते. बारीक बांधा, स्वच्छ शर्ट, हात मांडीवर ठेवलेले. आपल्यावर खटला चालू आहे आणि फिर्यादीही आपणच आहोत, अशा थाटात ते बोलत होते. वहिनींनी त्यांना त्यांच्या कामाची रीत विचारली, तेव्हा मात्र त्यांच्या आवाजात जरा जीव आला.

"फाइलीत बदल केला म्हणजे तो कायमचा नोंदला गेला असं नसतं," ते म्हणाले. "आधी नेमके कुठले बदल पुढे जाणार ते निवडून वेगळे मांडायचे. त्याला आम्ही स्टेज करणं म्हणतो. मग मांडलेलं तेवढं पक्कं करायचं. ते कमिट."

भाऊजींचा चेहरा कोरा राहिला. मास्तरांनी इतक्या वर्षांत असे चेहरे पुष्कळ पाहिले असावेत.

"प्रवासाला निघताना तुम्ही कपाटातले कपडे पलंगावर काढता ना? त्यातले नेणार तेवढेच बॅगेत ठेवता. आणि शेवटी चेन ओढता. पलंग म्हणजे केलेले सगळे बदल. बॅगेत ठेवणं म्हणजे स्टेज. चेन ओढणं म्हणजे कमिट. पलंगावर घरात घालायचा फाटका बनियन पडलेला असला तरी चालतं. तो बॅगेत गेला नाही म्हणजे झालं."

"कळलं की," भाऊजी म्हणाले, आणि खरंच कळलं होतं. पहिल्या झटक्यात काही कळण्याची ही वर्षातली दुसरी वेळ असावी. त्यांनी अभिमानाने वहिनींकडे पाहिलं.

मास्तरांची रीत ऐकण्यासारखी होती. एकेक बदल ते वेगळा वाचत आणि हा जाईल, हा जाणार नाही, असं ठरवत. दुपारी एकच्या आत मांडून होई. कमिटसोबत जो मजकूर लिहायचा तो एका कार्डावर हाताने लिहून ते कार्ड पडद्याच्या कडेला लावत. मग तासभर फिरून येत. ताज्या डोळ्यांनी मांडलेलं पुन्हा वाचत, आणि मगच कमिट. अकरा वर्षांत यात खंड नाही.

"त्या दिवशी?" वहिनींनी विचारलं.

"चार बदल मांडले. कार्ड लिहिलं. बाहेर गेलो. परत आलो तर कमिट झालेलं. माझं नाव, माझेच शब्द. मला वाटलं, मध्येच येऊन करून गेलो असेन आणि विसरलो. जरा चरकलो, पण कुणाला बोललो नाही. तीन दिवसांनी हॉस्पिटलचा फोन आला."

बाहेर कुठे गेला होतात, असं वहिनींनी विचारलं. मोच्याकडे बसलो होतो असं वाटतं, ते म्हणाले, पण तो दिवस दुसराही असेल. "माझ्या आठवण्यावर तुम्ही जाऊ नका," असं त्यांनी स्वतःच बजावलं.

निघताना भाऊजींनी दाराशी वाकून मास्तरांचे बूट उलटेपालटे करून पाहिले. कवायत शिकवणाऱ्याची जुनी खोड, माणसाआधी त्याचे बूट बघायचे. जिना उतरताना ते म्हणाले, "वहिनी, गंमत बघा. मास्तरांच्या डाव्या बुटाची टाच नवी आहे आणि तिच्या खालच्या बाजूला सतरा आणि सहा असे आकडे कोरलेत. सतरा नंबरचा बूट कुणी घालतं का? सहा रुंदी असेल एक वेळ."

वहिनी एका पायरीवर थांबल्या. मग खाली उतरल्या.

कंपनी म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या चार खोल्या. मोठ्या खोलीत दोन टेबलं पाठीला पाठ लावून मांडलेली. एक मास्तरांचं, त्यावर संगणक आणि शेजारी तपासणीसाठी ठेवलेली काचेची रिकामी पेटी. दुसरं टेबल ज्याचं, त्याला सगळे लांब्या म्हणत. चाळिशीचा उंच माणूस, मास्तरांच्या हाताखाली तयार झालेला. मास्तर गेले की ते टेबल त्याचं होणार होतं, आणि भाऊजींनी आत शिरताच त्याच्याकडे संशयाने पाहायला सुरुवात केली.

लांब्याने ते कमिट उघडून दाखवलं. त्यात एकूण सहा बदल होते. नर्सला दुरून वाचता यावेत म्हणून पडद्यावरचे आकडे मोठे केलेले, ते चार. पाचवा घंटेचा. सहावा एका भलत्याच फाइलीतला, आणि त्यात फक्त एक टिपण होतं: 'सोमवारी इथून पुढे.'

"हे मास्तरांचंच टिपण," लांब्या म्हणाला. "काम अर्धं राहिलं की खूण म्हणून लिहून ठेवतात. पुढे कधीच पाठवत नाहीत. आणि घंटेची ओळसुद्धा त्यांनीच बंद केलेली आहे, पण फक्त स्वतःच्या संगणकावर. पेटी तापवून बघताना ती घंटा कान फाडते. दीड वर्ष ती ओळ त्यांच्या फाइलीत तशीच बंद आहे. या दीड वर्षात त्यांनी दोनशे तरी कमिट केली असतील. प्रत्येक वेळी ती ओळ हाताने बाहेर ठेवली. मला नसतं जमलं."

फाटका बनियन, भाऊजी मनात म्हणाले.

आधीच्या नोंदी दाखवा, असं वहिनी म्हणाल्या. लांब्याने मागे मागे जात पानंच्या पानं दाखवली. मास्तरांच्या प्रत्येक कमिटला वर एक ओळ, काय बदललं त्याची. खाली दोन-तीन ओळी, का बदललं त्याच्या. सतरा तारखेच्या नोंदीत वरची ओळ होती, खाली काहीच नव्हतं. तेच बघून मास्तर थकले असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि मास्तरांना स्वतःलाही.

मास्तरांच्या खणात कार्डांचा डबा होता, तारखेनुसार लावलेला. सतरा तारखेचं कार्ड वहिनींनी काढलं. 'पडद्यावरचे आकडे मोठे केले.' नोंदीत होती तीच ओळ, अक्षर न् अक्षर. त्यांनी कार्ड उलटून पाहिलं, थोडा वेळ वाचलं आणि जागच्या जागी ठेवून दिलं.

मग त्यांनी लांब्याला तीन प्रश्न विचारले. पहिला, त्या दुपारी तुम्ही कुठे होतात. इथेच, तो म्हणाला, कानावर हेडफोन, मास्तरांच्या टेबलाकडे पाठ. कुणी आलं-गेलं ते कळलं नाही. दोन वाजून गेल्यावर मास्तरांनी खांद्याला हात लावून विचारलं होतं, मी मघाशी येऊन गेलो का रे? त्याला प्रश्न विचित्र वाटला होता.

दुसरा प्रश्न, न निवडता सगळंच्या सगळं एकदम कमिट करता येतं का. येतं, तो म्हणाला. संगणकाला द्यायच्या हुकमात एक अक्षर जास्त टाकलं की नोंद असलेल्या फाइलींमधला प्रत्येक बदल आत जातो, मांडलेला असो वा नसो. फार पूर्वी या कंपनीत तीच पद्धत होती म्हणे. "मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, ते अक्षर या घरात विसरून जा."

तिसरा प्रश्न विचारताना वहिनी जरा पुढे झुकल्या. मांडलेलं एक आणि कमिट झालं भलतंच, असं घडलं तर त्या मांडलेल्याचं काय होतं?

लांब्या बोलायला लागला आणि मध्येच थांबला. "मांडताक्षणी त्या फाइलीची एक प्रत आतल्या कोठारात जाते," तो सावकाश म्हणाला. "ती कमिटमध्ये गेली नाही तर बेवारस पडून राहते. साफसफाई होईपर्यंत."

"आणि मास्तरांच्या संगणकावर साफसफाई झाली?"

"त्या दिवसापासून त्याला कुणी हातच लावलेला नाही."

"मग शोधायला लागा," वहिनी म्हणाल्या. "सापडलं तर उद्यापर्यंत कुणाला सांगू नका."

शेजारच्या खोलीत तपासणीस ताई बसत. आवृत्ती बाहेर जाण्याआधी घंटा वाजवून बघणं त्यांचं काम. त्यांनी काहीच लपवलं नाही. सकाळी घंटा वाजवून पाहिली होती, वाजली होती. शेवटच्या कमिटनंतर पुन्हा वाजवायची असते. पण पावणेदोनला त्या डबा आवरत असताना मॅडमचा आतून फोन आला, की झालंय, पाठवा. बदल नुसते आकड्यांचे, म्हणून त्यांनी पाठवून दिलं. "ती माझी चूक आहे आणि मी ती लिहून दिली आहे," असं सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

मॅडम म्हणजे मालकीणबाई. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक चौकट टांगलेली होती. बाळांच्या पेटीचा प्रोग्रॅम बदलायची ज्यांना परवानगी आहे त्यांची ती यादी. सरकारी शिक्का, खाली दोनच नावं: मास्तरांचं आणि लांब्याचं. यादीबाहेरच्या कुणी हात लावला तर परवाना जातो, असं मॅडमनी आपणहून सांगितलं. पहिल्या पेटीचा प्रोग्रॅम त्यांनी एकटीने लिहिला होता. आता बारा वर्षं बाहेरचंच बघतात. "आमच्या वेळी हे मांडणं-बिंडणं नव्हतं. बदल केला की थेट आत," त्या हसून म्हणाल्या. हसणं चांगलं होतं, पण थकलेलं.

मास्तरांविषयी त्या मनापासून बोलल्या. सहा महिन्यांचा पूर्ण पगार देणार होत्या. सतरा तारखेला हॉस्पिटलचे सकाळपासून फोन चालले होते. पेट्या अडकून पडल्या होत्या, बाळं वाट बघत होती. "सव्वा वाजता मी हॉस्पिटलला सांगितलं, सगळं मांडून तयार आहे, फक्त शेवटचं बटण राहिलंय. काय करणार? माणूस थकतो. मास्तरसुद्धा थकले."

वहिनींनी मान हलवली आणि आभार मानून उठल्या.

रस्त्यावर येताच भाऊजींनी निकाल दिला. लांब्या. टेबल त्याला मिळणार, हेडफोन म्हणजे ढोंग, आणि माणूस गरजेपेक्षा उंच आहे. वहिनींनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"लांब्याचं प्रत्येक कमिट मी पाहिलं भाऊजी. वर काय, खाली का. त्याच्या हाडात मास्तर मुरलेत. त्याला घात करायचा असता, तरी त्याने तो नीटनेटका केला असता. आता एक काम करा. मास्तरांच्या फिरण्याच्या वाटेवर एक मोची बसतो. त्याच्याकडे जाऊन तुमचे बूट दुरुस्त करून घ्या."

"माझे बूट ठणठणीत आहेत."

"मग बसा आणि गप्पा मारा. ते तुम्हाला उत्तम जमतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच मोठ्या खोलीत सगळे जमले. मास्तर यायला तयार नव्हते. मुलीने हाताला धरून आणलं. आपल्याच टेबलापासून ते दूर, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मॅडम उभ्या राहिल्या. तपासणीस ताई आणि लांब्या भिंतीशी.

"सतरा तारखेला दुपारी एक चाळीसला या संगणकावरून सहा बदल पक्के झाले," वहिनींनी सुरुवात केली. "सगळ्यांनी पाचव्याकडे बघितलं, कारण घंटा पाचव्यात होती. मी सहाव्याकडे बघितलं. सोमवारी इथून पुढे. या टिपणाने कुणाचं भलं होत नाही, कुणाचं वाईट होत नाही. घात करणारा त्याला घेऊन जाणार नाही, आणि निवडताना हात चुकला तर दोन वेगळ्या फाइलींत दोनदा कसा चुकेल? म्हणजे इथे कुणी निवडलंच नाही. बॅग उघडी होती, कुणीतरी अख्खा पलंग तिच्यात ओतला आणि चेन ओढली."

"मीच," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "भान नसताना."

"थांबा मास्तर. लांब्या, काय सापडलं?"

लांब्या पुढे आला. "मांडलेल्या प्रती सापडल्या. कोठारात बेवारस पडल्या होत्या, बारा वाजून एक्कावन्न मिनिटांच्या. त्यात आकड्यांचे चार बदल आहेत, चारच. घंटेची ओळ चालू आहे. टिपणाच्या फाइलीची प्रतच नाही, कारण ती मांडलीच नव्हती." तो मास्तरांकडे वळला. "मास्तर, तुम्ही एक अक्षर चुकला नव्हता."

 मास्तरांचे मांडीवरचे हात तेवढे हलले.

"किती देखणं काम आहे बघा," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा नेहमीचा कोरडा आवाज जरा वेगळा लागला. "दीड वर्ष, दोनशे वेळा एक ओळ हाताने बाजूला ठेवायची, कारण एका अनोळखी बाळासाठी ती घंटा वाजायला हवी. अशा माणसाचा मी चाळीस वर्षांत फार थोड्या वेळा शोध घेतलाय. बहुतेक वेळा मला उलट्या माणसांच्या मागे जावं लागतं."

मग त्यांनी सतरा तारखेचं कार्ड वर धरलं. दर्शनी बाजूची ओळ नोंदीत जशीच्या तशी होती. कार्ड उलटून त्यांनी मागची बाजू वाचली. 'रात्रपाळीच्या नर्सला दारातून आकडे दिसत नाहीत. तिला प्रत्येक बाळापर्यंत चालत जावं लागतं.' मास्तर काय ते पुढे लिहीत आणि का ते मागे. अकरा वर्षांत एकदाही मागची बाजू राहिली नव्हती.

"ज्याने कार्ड लिहिलं त्याला मागे काही आहे हे माहीत असणारच, त्याने ते त्याच दुपारी लिहिलं होतं. ज्याने फक्त पडद्याला लावलेलं कार्ड समोरून पाहिलं, त्याला माहीत असायचं कारण नाही. हे कमिट करणाऱ्याने कार्ड उलटलं नाही."

"तरी ते बाबाच नव्हते हे कशावरून?" मुलीने विचारलं. तिला आता खात्रीच हवी होती.

वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी सावधान उभे राहिले.

"मोची म्हणतो, हे गृहस्थ रोज समोरून जातात, बसले मात्र एकदाच. डाव्या बुटाची टाच निघाली होती. एक वाजून पाच मिनिटांनी आले आणि समोरच्या घड्याळात दोन वाजेपर्यंत स्टुलावर अनवाणी बसून होते. तो तीन महिन्यांची हमी देतो, म्हणून प्रत्येक टाचेखाली तारीख आणि महिना कोरतो." भाऊजी थोडे लाजले. "सतरा आणि सहा, म्हणजे सतरा जून. मी ते बुटाचं माप समजलो होतो."

मास्तरांनी खाली वाकून बूट काढला आणि उलटा करून पाहिला. बराच वेळ ते त्या आकड्यांकडे बघत राहिले.

"मास्तर अनवाणी पायांनी मोच्याकडे बसले असताना इथे कुणीतरी त्यांच्या खुर्चीत बसलं," वहिनी म्हणाल्या. "बदल केला की थेट आत, ही ज्याची जुनी सवय, असं कुणीतरी. पडद्यावर मांडलेल्या ओळी हिरव्या दिसतात आणि न मांडलेल्या लाल, असं मला लांब्याने दाखवलं. त्या माणसाने हिरव्या पाहिल्या, समोरचं कार्ड वाचलं आणि हात सवयीने ते जास्तीचं अक्षर दाबून मोकळा झाला. मास्तर कमिट होईपर्यंत कुणाला काही सांगत नाहीत. तरीही सव्वा वाजता एका व्यक्तीला ठाऊक होतं, की सगळं मांडून झालंय, फक्त शेवटचं बटण राहिलंय. हे मास्तरांच्या पडद्यासमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि मास्तर परत यायच्या आधी, पावणेदोनला, त्याच व्यक्तीने ताईंना फोन केला, की झालंय, पाठवा."

कुणी मॅडमकडे पाहिलं नाही. पाहायची गरज उरली नव्हती.

मॅडम टेबलाला धरून खुर्चीत बसल्या. "बाळं वाट बघत होती," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी तयार करून ठेवलंय, मी फक्त बटण दाबतेय, असंच वाटलं होतं. शपथेवर सांगते, चूक त्यांच्या मांडण्यात होती असंच मी आजपर्यंत धरून चालले. ते अक्षर काय करतं हे मी बारा वर्षांत विसरून गेले होते."

"तुम्ही विसरलात," वहिनी म्हणाल्या. "आणि पत्र त्यांच्या विसरण्याचं टाइप झालं."

"ते येऊन म्हणाले, मी केल्याचं आठवत नाही. त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. भिंतीवरच्या यादीत माझं नाव नाही. परवाना गेला असता, सगळे रस्त्यावर आले असते. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत राहिले. मग ते स्वतःच सगळं अंगावर घेऊन बसले, आणि मला सोपं झालं." त्यांनी मान वर केली. "आज मी हॉस्पिटलला आणि सरकारला माझ्या सहीने लिहीन. परवान्याचं जे व्हायचं ते होवो. मास्तर, माफ करा म्हणायला मला तोंड नाही."

मास्तरांनी बूट पायात घातला. नाडी सावकाश बांधली. कंपनीतल्या बावीस वर्षांत कुणी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, आणि तो आताही चढला नाही.

"लिहा मॅडम. चौकशीला मी तुमच्या शेजारी बसेन, कंपनी माझीपण आहे. पण एक तुम्हाला कळायला हवं. पाच आठवडे मी रोज सकाळी जाग आल्यावर डोळे न उघडता पडून राहायचो. माझ्या मुलीचं नाव मनात आठवून बघायचो. आठवलं, की मगच उठायचो. काही सकाळी भीतीने ते पटकन यायचं नाही. ही गोष्ट मी हिलासुद्धा सांगितली नाही."

मॅडमनी चेहरा हातात लपवला. ताई रडत होत्या. लांब्याने भिंतीकडे तोंड केलं, आणि भाऊजी छतावरच्या पंख्याकडे अतिशय लक्षपूर्वक बघू लागले.

मास्तर मुलीकडे वळले. घरात ते तिला कायम बाळच म्हणत. आता त्यांनी तिचं नाव घेतलं. शाळेच्या हजेरीत घेतात तसं, आडनावासकट, सावकाश, एकही अक्षर न गाळता.

"हो, बाबा," ती म्हणाली.